गाडी रद्द झाली, पण पर्याय कोणाकडे आहे?

नागपूर-गोंदिया पट्ट्यात पॅसेंजर किंवा मेमू गाडी रद्द होणे ही आता बातमी राहिलेली नाही. कधी एका दिवसासाठी, कधी आठवडाभर गाडी बंद असते. कारण म्हणून ‘तांत्रिक काम’ एवढे दोन शब्द असतात आणि पत्रकाच्या शेवटी गैरसोयीबद्दल खेद असतो. त्यानंतर प्रवाशाने काय करायचे, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याने बघायचे. हे ‘ज्याचे त्याने बघायचे’ नेमके कोणाला परवडते, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

तुमसर शहर आणि तुमसर रोड स्थानक या दोन वेगळ्या जागा आहेत, हे बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल. हावडा-मुंबई मुख्य मार्गावरचे तुमसर रोड स्थानक देव्हाडी गावात आहे, शहरापासून काही किलोमीटर दूर. म्हणजे गाडी पकडायची तर आधी ऑटो, सायकल नाहीतर कुणाच्या तरी दुचाकीची मागची सीट. तिथून नागपूर रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूला गोंदिया साधारण ५० किलोमीटर. याच स्थानकातून तुमसर शहर, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत मध्य प्रदेशातल्या तिरोडीपर्यंत एक शाखा मार्ग जातो. हा मँगनीजचा पट्टा. खाणीत जाणारा मजूर, रोवणीला जाणाऱ्या बाया, नागपूरला शिकणारी आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरे, मेडिकल-मेयोला जाणारे रुग्ण, ही सगळी माणसे याच गाड्यांवर अवलंबून आहेत. त्यात आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत, हे सांगायला कुठल्या सर्वेक्षणाची गरज नाही. सकाळच्या गाडीच्या साध्या डब्यात एकदा चढून पाहावे.

गाड्या रद्द का होतात?

या मार्गाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर ते राजनांदगाव ही नागपूर-छत्तीसगड रेल्वे टाकली गेली, ती मुख्यतः छत्तीसगडचे धान्य बाहेर नेण्यासाठी. पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेली. तिरोडीचा शाखा मार्ग मँगनीजसाठी आला. आधी माल, मग माणूस, हा क्रम या रुळांच्या जन्मापासूनचा आहे.

आज त्या धान्याची जागा कोळशाने घेतली आहे. तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आणि मौद्याचा २,३२० मेगावॅटचा प्रकल्प याच पट्ट्यात आहेत. कोराडी आणि खापरखेडा जवळच आहेत. एप्रिल २०२२ मध्ये देशात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा कोळशाच्या गाड्यांना रस्ता मोकळा करून देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या सहाशेहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. त्यातला मोठा वाटा आपल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा होता. शहरांतले दिवे जळत राहावेत म्हणून कुणाची तरी गाडी थांबवली गेली, आणि ती राजधानी किंवा दुरांतो नव्हती. थांबल्या त्या मुख्यतः पॅसेंजर आणि साध्या एक्स्प्रेस.

दुसरे कारण आहे बांधकाम. राजनांदगाव ते कळमना ही २२८ किलोमीटरची तिसरी लाइन टप्प्याटप्प्याने उभी राहिली. नवा रूळ जुन्या स्थानकाला जोडताना सिग्नल आणि सांधे काही दिवस नेहमीच्या यंत्रणेतून काढून हाताने चालवावे लागतात. त्या काळात मार्गाची क्षमता घटते आणि गाड्या कमी कराव्या लागतात. तिसऱ्या लाइनला आमचा विरोध नाही. मालगाड्यांना वेगळा रूळ मिळाला तर पॅसेंजर बाजूला उभी राहणार नाही, ही अपेक्षा रास्तच आहे. पण असे काम अचानक उपटत नाही. त्याची तारीख रेल्वेला कितीतरी आधी माहीत असते. मग त्याच फायलीत प्रवाशांच्या पर्यायी सोयीचे एक पान का नसते?

तिसरे कारण धोरणाचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. नंतर पॅसेंजर सुरू झाल्या त्या ‘स्पेशल’ या नावाने आणि एक्स्प्रेसच्या भाड्याने. पूर्वी कमीत कमी १० रुपयांत होणारा प्रवास ३० रुपयांवर गेला. साधे भाडे पुन्हा लागू झाले ते थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. जवळजवळ चार वर्षे गरीब प्रवाशाने त्याच डब्यासाठी आणि त्याच बाकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजले. ज्येष्ठ नागरिकांची सवलत तर तेव्हा गेली ती गेलीच.

पर्याय मोजून पाहू

गाडी नाही म्हटल्यावर तुमसरच्या माणसाकडे काय उरते?

पहिली एसटी. तुमसरला आगार आहे. मोहाडी, भंडारा, मौदा करत नागपूर गाठता येते, रामटेकमार्गेही रस्ता आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. या दोन निर्णयांनी आपल्या आयाबहिणींचा हात बराच मोकळा झाला, हे मान्य केले पाहिजे. पण पुरुष मजुराला पूर्ण तिकीट आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. शिवाय एका मेमूत मावणारी माणसे दोन-चार बसगाड्यांत मावत नाहीत. गाडी रद्द झाल्याची सूचना आगाराला वेळेत मिळाली आणि जादा बस सुटली तर ठीक. नाहीतर नेहमीच्याच बसमध्ये दुप्पट गर्दी कोंबली जाते. देव्हाडीच्या फलाटावर गाडी रद्द झाल्याचे कळले, तर बसस्थानक गाठण्यातच अर्धा तास जातो.

आणि एसटी नेहमी असतेच असे नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्यांच्या मागण्या खऱ्या होत्या. पण तो संप मिटतो न मिटतो तोच कोळशासाठी गाड्या रद्द होऊ लागल्या. ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही, त्याला त्या वर्षी दोन्ही दारे एकामागून एक बंद दिसली.

दुसरा पर्याय काळीपिवळी आणि खासगी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली तरी थांबून आणखी माणसे घेते. त्या दिवशी भाडे किती, हे गर्दी ठरवते. मुख्य म्हणजे तिकीट नसते. हा मुद्दा छोटा वाटतो, पण तो मोठा आहे. रेल्वेचे वैध तिकीट किंवा पास जवळ असताना गाडीतून पडून किंवा गाडीच्या अपघातात मृत्यू झाला, तर रेल्वे कायद्यानुसार वारसांना आठ लाख रुपयांची भरपाई मागता येते आणि त्यासाठी चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. कोंबून भरलेल्या जीपला अपघात झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दार आहे, पण तिथे क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी, परवाना, विमा अशा एकेका मुद्द्यावर वर्षे जातात. म्हणजे गाडी रद्द झाली की वेळ आणि पैसा जातोच, त्यासोबत तिकिटाने मिळणारे कायद्याचे संरक्षणही जाते.

तिसरा पर्याय चौघांनी मिळून कार करणे. हा नोकरदारांचा पर्याय. चौघांचा पगार एका तारखेला होतो, चौघांचे कार्यालय एका भागात असते, चौघांकडे एकमेकांचे नंबर असतात. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला उद्या काम कुठे लागेल हेच माहीत नसते, तो कोणासोबत कार करणार?

तिरोडीच्या बाजूची अडचण आणखी वेगळी. गोबरवाहीच्या पुढे राज्याची सीमा लागते. आपल्या एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपुरती. पलीकडे मध्य प्रदेशाने आपले राज्य परिवहन महामंडळ २००५ मध्येच बंद केले, त्यामुळे तिथे खासगी बसवर भिस्त. सीमेवरच्या गावातल्या माणसाची गाडी रद्द झाली की त्याच्यासाठी कोणतेच सरकार बस सोडत नाही.

किंमत कोण चुकवते?

मासिक पासाचे उदाहरण घ्या. विद्यार्थ्याने रेल्वेचा पास काढला आणि महिन्यात दहा दिवस गाडी बंद राहिली, तर त्या दहा दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत. तोच पास एसटीत चालत नाही. एसटीचा विद्यार्थी पास स्वस्त आहे, पण दोन्ही पास काढण्याची ऐपत असती तर त्याने पॅसेंजर कशाला धरली असती? असंघटित कामगारांसाठी रेल्वेने २००९ मध्ये ‘इज्जत’ नावाचा २५ रुपयांचा मासिक पास आणला होता, १०० किलोमीटरपर्यंत. तुमसर-नागपूर अंतर त्यात बसते. नाव चांगले होते. पण गाडीच नसेल तर पासाची इज्जत काय?

परीक्षेचे तसेच. स्पर्धा परीक्षेच्या केंद्राचे फाटक ठरलेल्या वेळेला बंद होते. गाडी रद्द होती, हे कारण तिथे चालत नाही. म्हणून ज्याला परवडते तो आदल्या दिवशी नागपुरात खोली घेतो. ज्याला परवडत नाही तो पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहतो. दोघांचा अभ्यास सारखा असला तरी परीक्षा सारखी राहत नाही. आरक्षणाने उघडलेले दार आपल्या पोरांसाठी कधी कधी देव्हाडीच्या फलाटावरच बंद होते.

आणि आजाराचे काय? सिकलसेल हा विदर्भात आपल्या आणि आदिवासी समाजात अधिक आढळणारा आजार आहे, हे आपण घरोघरी अनुभवतो. या रुग्णाला वेदनेचा झटका येतो तेव्हा रक्त किंवा तज्ज्ञ उपचारांसाठी नागपूर गाठावे लागते, आणि एरवीही नियमित तपासणीच्या तारखा असतात. मेयो रुग्णालय नागपूर स्थानकापासून जवळ आहे. त्यामुळे रेल्वे ही रुग्णाची सोयीची वाट. ती बंद झाली की दुखणाऱ्या सांध्यांनिशी दोन बसगाड्या आणि एक ऑटो. अशा वेळी तारीख चुकवली जाते. सरकारी नोंदीत त्याला ‘रुग्ण आला नाही’ असे म्हणतात.

मसूरची गोष्ट पुन्हा वाचताना

प्रवास हा आपल्या चळवळीसाठी कधीच साधा विषय नव्हता. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनाची सुरुवातच एका प्रवासाने केली आहे. १९०१ मध्ये लहानगे भीमराव घरातल्या इतर मुलांसोबत वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. निरोप न पोहोचल्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही तयार होईनात. शेवटी मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असा तोडगा निघाला. रात्रभर पाणी मिळाले नाही. पुढे १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला, म्हणून टांगा चालवण्याचा सराव नसलेल्या समाजबांधवाने तो हाकला आणि अपघातात बाबासाहेब जखमी झाले.

या दोन्ही प्रसंगांत रेल्वेने त्यांना स्थानकापर्यंत आणले होते. तिकीट काढले, डब्यात बसले, उतरले. अडवणूक झाली ती स्थानकाबाहेर, जिथे वाहन मिळणे न मिळणे हे समोरच्याच्या मर्जीवर होते. सार्वजनिक वाहतुकीचे मोल आपल्यासाठी इथे आहे. तिकीट हे मर्जीच्या जागी हक्क ठेवते. रेल्वेमुळे जातिव्यवस्थेचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडेल, असे भाकीत मार्क्सने १८५३ मध्ये केले होते. रुळांनी जात मोडली नाही. पण साध्या डब्यात खांद्याला खांदा लागला, गावाबाहेरचे काम आणि शिक्षण हाताशी आले, हे खरे.

आज कोणी जात विचारून जीपमध्ये बसवत नाही, असे म्हटले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असेल. पण गाडी रद्द होते त्या दिवशी माणूस पुन्हा ओळखीपाळखीवर येतो. कोणाकडे गाडी आहे, कोणाचा नातेवाईक नागपुरात आहे, कोण उधार देईल. ज्या समाजाकडे जमीन, वाहन आणि शहरातली घरे पिढ्यान्‌पिढ्या कमी, त्याच्याकडे ओळखीचे हे भांडवलही कमी. म्हणून ‘ज्याचे त्याने बघावे’ हा नियम वरून सगळ्यांना सारखा दिसला, तरी प्रत्यक्षात सारखा नसतो.

नियम काय म्हणतात?

कार्यकर्त्यांनी काही गोष्टी पाठ ठेवाव्यात. गाडी पूर्ण रद्द झाली तर ऑनलाइन काढलेल्या आरक्षित तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात. खिडकीवरचे आरक्षित तिकीट तीन दिवसांच्या आत परत करून पूर्ण भाडे घेता येते. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवास करायचा नसेल, तरी पूर्ण परतावा मिळतो. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी मागणी करावी लागते. वाटेतच गाडी संपवली आणि रेल्वेने पुढे पोहोचवण्याची सोय केली नाही, तर भाडे मागण्याचा हक्क आहे. अनारक्षित तिकीट रागाने फाडून टाकू नये. तो एकमेव पुरावा असतो, तो घेऊन खिडकीवर जावे. तक्रार १३९ क्रमांकावर किंवा ‘रेल मदद’वर नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.

सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका प्रवाशाचे विमान चुकले आणि पुढचा प्रवास टॅक्सीने करावा लागला. उशीर आपल्या नियंत्रणाबाहेरच्या कारणाने झाला, हे रेल्वे सिद्ध करू शकली नाही, म्हणून भरपाई कायम राहिली. पर्यायी वाहनाचा खर्च हा प्रवाशाच्या नशिबाचा भाग नाही, हे या निकालातून दिसते. मात्र ज्याचे विमान चुकले तो पावत्या घेऊन ग्राहक मंचापर्यंत पोहोचू शकला. ज्याचा दिवसाचा रोज बुडाला, त्याच्याकडे ना पावती, ना वकील. त्याचा रोज बुडाल्याची किंमत कोणत्या तक्त्यात धरायची?

युरोपीय संघाच्या नियमांत एक तासाहून अधिक उशीर होणार असेल तर प्रवाशाला दुसऱ्या मार्गाने पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वे कंपनीवर आहे आणि उशिराच्या प्रमाणात भाड्याचा काही भाग परत द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये रुळाचे काम असले की त्या टप्प्यात रेल्वेच्याच तिकिटावर बस चालते. आपल्याकडे हे अशक्य आहे का? आषाढीला एसटी पंढरपूरसाठी हजारो जादा बसगाड्या सोडते. धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरला रेल्वे विशेष गाड्या सोडते. म्हणजे गर्दी कधी, कुठे आणि किती होईल याचा अंदाज बांधून सोय करणे व्यवस्थेला येते. ते रोजच्या प्रवाशासाठी केले जात नाही, एवढेच.

मागायचे काय?

आमच्या मते तुमसर, मोहाडी, तिरोडा पट्ट्यातील तरुणांनी चार मागण्या एकत्र मांडाव्यात. ठरवून केलेल्या कामासाठी गाडी रद्द होणार असेल तर किमान सात दिवस आधी स्थानिक स्थानकांवर मराठीत फलक लागावा. रद्द झालेल्या पॅसेंजरच्या वेळेला तुमसर रोड स्थानकातूनच जादा एसटी सुटावी आणि त्यासाठी रेल्वेचा नागपूर विभाग, एसटीचा भंडारा विभाग आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्यात कायमची व्यवस्था असावी. त्या दिवसांत रेल्वेचा मासिक पास एसटीत चालावा किंवा पासाची मुदत तेवढ्या दिवसांनी वाढावी. आणि मालगाडीसाठी पॅसेंजर थांबवायचीच असेल तर सकाळी कामावर नेणारी आणि संध्याकाळी घरी आणणारी गाडी सर्वांत शेवटी थांबावी.

निवेदन देताना एक लक्षात ठेवावे. नागपुरात रेल्वेचे दोन विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा आणि एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. तुमसर रोड दुसऱ्या विभागात येते. चुकीच्या दारात दिलेले निवेदन तिथेच पडून राहते. गेल्या दोन वर्षांत कोणती पॅसेंजर किती दिवस रद्द होती, याची माहिती अधिकारात मागणी करावी. विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीत आपल्या भागाचे कोण आहे, ते शोधून त्यांना भेटावे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत एक वही ठेवावी. गाडी रद्द झाल्याची तारीख, कोणाचा रोज बुडाला, कोणाची परीक्षा हुकली, कोणाची दवाखान्याची तारीख गेली, पर्यायी वाहनाला किती पैसे लागले. तीन महिन्यांची अशी वही कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलेल, कारण रेल्वेच्या कागदांत आपला तोटा आज कुठेच नोंदलेला नाही.

सोबत आपल्या पातळीवरही काही करता येते. परीक्षेच्या आदल्या दिवशी नागपुरातल्या विहारांत आणि वसतिगृहांत खेड्यातल्या पोरांची मुक्कामाची सोय व्हावी. वस्तीतल्या व्हॉट्सॲप गटावर रद्द गाड्यांची खात्रीशीर माहिती रात्रीच टाकणारा एक जण ठरवावा. सिकलसेलच्या रुग्णांच्या तारखा आणि वाहन असलेल्यांची यादी एकाच ठिकाणी असावी. पण ही मदत आहे, पर्याय नव्हे. समाजाने समाजाला उचलून धरायचे आणि शासनाने मोकळे व्हायचे, असा याचा अर्थ कोणी लावू नये.

ज्या भंडारा मतदारसंघातून बाबासाहेबांनी १९५४ ची पोटनिवडणूक लढवली, त्याच जिल्ह्यात आज आपण राहतो. गटार, पाणी, रस्ता यांची आंदोलने आपण केली. पॅसेंजर गाडी हाही तसाच नागरी हक्काचा प्रश्न म्हणून अजेंड्यावर यायला हवा. पुढची गाडी रद्द होईल त्या दिवशी पहिली नोंद वहीत व्हावी.

जय भीम!